शनिवारचे जेवण, नोंद चौदावी: घावन एकदाचे सुटले

मागच्या नोंदीत घावनाच्या चिंध्यांना फोडणी देऊन त्यांना मी 'उपमा' म्हटले होते. ती नोंद ज्यांना आठवत असेल त्यांना या आठवड्याची बातमी आधी सांगतो: परवा शनिवारी ७ माणसांसाठी २२ घावने झाली आणि त्यांतले फक्त पहिले वाया गेले. पहिले घावन तव्याचे, असे आई म्हणते, म्हणून ते मी हिशेबात धरत नाही.

तीन शनिवार मला या पदार्थाने दमवले, त्याचे कारण असे की दोष एक नव्हता, दोन होते, आणि मी दर वेळी त्यांतला एकच काढून पाहत होतो. नवा बिडाचा तवा आणल्यावर जवसाच्या तेलाचे ६ हात देऊन तो तयार केला होता, हे पूर्वी लिहिलेच आहे. तवा आरशासारखा काळा चमकत होता, आणि त्या चमकेवरच मी भाळलो. तिसऱ्या वापरात मधोमध रुपयाएवढा पापुद्रा निघाला. तेल तापून त्याचा जो कडक थर बनतो तो जवसाच्या बाबतीत ठिसूळ होतो आणि जाड हात दिला तर हमखास सुटतो, हे मला उशिरा कळले. 'आणला की लगेच चुलीवर' असे सांगून तवा देणाऱ्या दुकानदाराबद्दल मी काही लिहीत नाही. मात्र 'तयार' म्हणून मिळणारा बिडाचा तवा घरी पुन्हा तयार करावाच लागतो, एवढे माझे ठाम मत झाले आहे.

दुसऱ्या शनिवारी तवा काथ्याने आणि जाड्या मिठाने घासून, शेंगदाण्याच्या तेलाचे पुसल्यासारखे पातळ हात देऊन नव्याने तयार केला, तरीही घावन चिकटलेच. तेव्हा तव्याचा दोष नसावा असे ठरवून मी तो विषय सोडला आणि तेल लावण्याच्या पद्धतीकडे वळलो. अर्धा कांदा काट्याला टोचून पाहिला, नारळाची शेंडी पाहिली, आईच्या आग्रहाखातर वांग्याचे देठही पाहिले. तिन्हींत काडीचाही फरक नव्हता. (आईला हे अजून मान्य नाही.)

वाट सापडली ती नॉनस्टिक तव्यामुळे, आणि हे लिहिताना मला थोडी लाज वाटते. तिसऱ्या शनिवारी जेवणाची वेळ टळू लागल्यावर भावजय म्हणाली, "भाऊजी, आजच्यापुरता तो साधा तवा घ्या, मुलं खोळंबली आहेत." त्यावर घावन चिकटले नाही, पण घडी घालताच मधून तुटले, जाळी नाही, आतून खळीसारखे गिळगिळीत. जो तवा कशालाच धरून ठेवत नाही त्यावरही जर घावन बिघडत असेल, तर दोष पिठात असणार, हे तिथे लख्ख दिसले.

आमच्याकडे वर्षभर इंद्रायणी असतो. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने काढलेला हा वाण वरणभाताला सुरेख, कारण शिजल्यावर तो मऊ आणि चिकट होतो. घावनाला नेमका तोच गुण नडतो. बुधवारी रात्री इंद्रायणी, जुना कोलम आणि उकडा असे तीन तांदूळ प्रत्येकी १०० ग्रॅम ४ तास भिजवले, वेगवेगळे वाटले आणि तिन्ही पिठे सारख्याच पाण्याने ताकाइतकी पातळ केली. त्याच बिडाच्या तव्यावर इंद्रायणी चिकटला, उकड्याचे घावन सुटले पण जरा चिवट झाले, आणि कोलमाचे घातले तेव्हा झाकणाखालून आधी चुरचुर ऐकू आली, मग ती थांबली. झाकण काढले तर सगळीकडे बारीक जाळी पडलेली, आणि कड तव्यापासून केसभर उचलून आत वळलेली. उलथने नुसते टेकवले तर घावन स्वतःच सरकले. मी ते तिथेच उभ्याने, कशाशीही न लावता खाल्ले.

बाकी पानाबद्दल थोडक्यात. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचे वाटण गुरुवारीच भाजून, वाटून ठेवल्यामुळे शनिवारचा पाऊण तास वाचला, तेव्हा ही पद्धत आता कायम. रसासाठी डब्यातले नारळाचे दूध पुन्हा आणणार नाही. त्याचा घट्टपणा खोटा असतो आणि गुळापुढे त्याची चव उरतच नाही. ताजा नारळ खोवायला पुतण्या तयार आहे, त्याला फक्त विळी मिळाली पाहिजे, आणि ती त्याला द्यायला त्याची आई तयार नाही.

आता नवी अडचण. एका घावनाला ३ मिनिटे धरली तर २२ घावनांना तासाहून अधिक वेळ लागतो, आणि घावन ठेवून दिले की त्याची मजा जाते. परवा सगळे गरम गरम जेवले आणि मी सव्वादहाला एकटा बसलो. एकत्र जेवण हाच शनिवारचा हेतू असल्यामुळे दुसरा बिडाचा तवा घ्यावा असे मी ठरवत होतो, रविवार पेठेत फेरी मारण्याचा बेतही होता. पण हे लिहीत असतानाच सुचले की तांदळाचेच पीठ केळीच्या पानात घालून पानगी केली तर एका तव्यावर एका वेळी दोन मावतात, पानामुळे चिकटण्याचा प्रश्न उरत नाही आणि पानातच गुंडाळून ठेवली तर ती बराच वेळ ऊबदार राहते. तेव्हा कॅलेंडरवर पुढच्या शनिवारी लिहिलेली शेवभाजी-भाकरी खोडून पानगी लिहिली आहे. पीठ थोडे दाट लागेल, त्यामुळे इंद्रायणीला आणखी एक संधी द्यायची की नाही हे गुरुवारी एका पानावर करून पाहीन. पाने खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या परसातली, चार मागितली आहेत.