ऊब फुकट, उजेड विकत: आमच्या रोपांच्या गाळ्याची वाटचाल

भांडुपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. एका बाजूला प्लॅस्टिक मोल्डिंग, दुसऱ्या बाजूला खोक्यांची छपाई. मधे आमच्याकडे लोखंडी रॅकवर टोमॅटो, मिरची, वांगी, ढोबळी आणि लेट्यूसची रोपं वाढतात. खिडकी एकच, तीही समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. नवीन आलेला माणूस हमखास विचारतो, "इथे ऊन कुठंय?" ऊन नाही. ट्यूबा आहेत.

२०१८ मध्ये धंदा सुरू केला तेव्हा आम्ही रोपं विकतच नव्हतो. बी, कोकोपीट (मातीऐवजी वापरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि ट्रे असा संच द्यायचो. तक्रार ठरलेली: उगवलं छान, पण रोपं बारीक, उंच, पांढुरकी झाली आणि आडवी पडली. लोकांना वाटायचं बी खराब. काही जण परदेशी व्हिडिओ बघून ट्रेखाली ठेवायची गरम मॅट मागवायचे. अहो, टोमॅटो-मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत मजेत उगवतं. थंडीतल्या मोजक्या रात्री सोडल्या तर तेवढी ऊब मुंबईच्या ओट्यावर वर्षभर फुकट असते. कमी पडतो तो उजेड. उजेड लक्समध्ये मोजतात; गच्चीवर भर उन्हात लाखभर लक्स भरतात. ग्रिलच्या आत दोन हात सरकलात की दोन-तीन हजार, आणि हॉलच्या मधोमध जेमतेम दोन-तीनशे. आपले डोळे सावरून घेतात, रोपाला ते जमत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला हे फोनवर समजावण्यापेक्षा रोपंच तयार करून द्यावीत, असं ठरलं.

माझे मेहुणे वायरिंगची कामं करतात. त्यांनी लोहार चाळीतून २० वॉटच्या साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूबा आणल्या, चार फुटी कप्प्याला चार. जांभळ्या उजेडाचे महागडे दिवे आम्ही घेतले नाहीत. पांढऱ्या उजेडात निळा आणि लाल दोन्ही येतात, रोपाला पुरतात. ट्यूब पानांपासून वीतभर अंतरावर, साखळीला टांगलेली. रोप वाढलं की एकेक कडी वर. १६ तास उजेड, ८ तास अंधार. एका कप्प्याला रोज सव्वा युनिट वीज जाते. बिल येतं ते व्यावसायिक दराने, त्यामुळे मिरचीचं रोप टोमॅटोपेक्षा महाग का, याचं उत्तर सोपं आहे: ती उगवायलाच आठ-दहा दिवस घेते आणि पुढे पाच-सहा आठवडे कप्पा अडवून बसते.

लेट्यूसचं गणित उलटं. २८-३० अंशांच्या वर त्याचं बी झोपूनच राहतं. म्हणून गाळ्याच्या कोपऱ्यात काच लावून छोटी एसी खोली केली. पेरल्यावर ट्रे तिथे जातात आणि मोड दिसले की बाहेर येतात. बाहेरच्या देशांत बियांना ऊब देण्यासाठी पैसे मोजतात, आम्ही गारव्यासाठी मोजतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात. हवा दमट, कोकोपीट सुकत नाही आणि रोपाचा देठ मातीलगत काळा पडून रात्रीत मान टाकतो. याला मर म्हणतात. औषधापेक्षा आम्हाला उपयोग झाला तो पंख्याचा आणि पाण्याला हात आखडण्याचा. आता पाणी वरून घालतच नाही. ट्रे पाण्यात टेकवायचा, वरचा थर ओलसर दिसला की उचलायचा. पंख्याच्या झुळकीने देठही जाड होतात. कोकोपीट मात्र आम्ही स्वतः धुतो. एका पुरवठादाराचा माल इतका खारट निघाला की पानांच्या कडा करपल्या.

ट्यूबखालचं रोप थेट बाल्कनीच्या उन्हात ठेवलं तर भाजतं. त्यामुळे पाठवण्याआधी आठवडाभर ट्रे इस्टेटच्या गच्चीवर जातात: आधी सकाळचा तासभर, मग वाढवत. वॉचमनकाका न सांगता सावलीत ओढून ठेवतात. दादरपर्यंतची डिलिव्हरी लोकलच्या लगेज डब्यातून होते. तिथले भाजीवाले आमच्या खोक्यांवर काही ठेवू देत नाहीत, उलट दुसऱ्यांनाच दटावतात.

टोमॅटो, वांगी आणि मिरचीची रोपं सप्टेंबरअखेरीपासून मिळतील, लेट्यूस डिसेंबरपासून. मेथी-कोथिंबिरीच्या रोपांची विचारणा रोज होते. ती आम्ही विकत नाही. त्यांचं बी थेट कुंडीत टाका.