पत्ता उजवीकडून वाचावा

शाळेत इंटरनेट सुरक्षिततेचा तास म्हटला की बहुधा 'करू नका'ने संपणारी एक यादी वाचून दाखवली जाते: अनोळखी व्यक्तीशी बोलू नका, लिंक उघडू नका, फोटो टाकू नका. पुण्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी संगणक शिकवते, आणि या सूचना चुकीच्या नसल्या तरी फार अपुऱ्या आहेत, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, क्लासचा व्हिडिओ लिंकवरूनच उघडतो. अशा मुलाला 'लिंक उघडू नकोस' असे सांगण्याला अर्थ उरत नाही. कोणती लिंक उघडावी, हे त्याला स्वतःला ओळखता आले पाहिजे.

म्हणून आठवीच्या वर्गात मी सुरुवात दहावीच्या निकालापासून करते. राज्य मंडळाचे मुख्यालय पुण्यातच आहे, आणि निकालाच्या दुपारी घराघरांत काय चालते हे मुलांनी थोरल्या भावंडांच्या वेळी पाहिलेले असते: संकेतस्थळ उघडत नाही, सगळे अधीर झालेले असतात आणि कोणीतरी पाठवलेली 'इथे लवकर दिसेल' अशी लिंक हातोहात पुढे जात असते. मी फळ्यावर दोन पत्ते लिहिते. पहिला मंडळाच्या निकालासाठी अनेक वर्षे वापरला गेलेला पत्ता, 'महरिझल्ट डॉट एनआयसी डॉट इन'. दुसरा मी रचलेला, 'महरिझल्ट डॉट एनआयसी डॉट इन डॉट निकालपाहा डॉट कॉम'. दुसरा पत्ता कोणाचा, असे विचारले की बरीच मुले 'बोर्डाचाच' असे उत्तर देतात, कारण नजर डावीकडून निघते आणि ओळखीचा शब्द दिसताच निर्धास्त होते.

वास्तविक संकेतस्थळाचा मालक डावीकडे नसतो. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्यायच्या, त्यापुढची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची आणि तिथून (रेघ नसेल तर पत्त्याच्या शेवटापासून) मागे, डावीकडे वाचत यायचे. दुसऱ्या पत्त्यात असे वाचले की आधी 'कॉम' आणि मग 'निकालपाहा' हाती लागते; मालक तोच, आणि त्याच्या डावीकडे त्याने वाटेल ते लिहावे, त्याला कोणी अडवत नाही. पाकिटावरच्या पत्त्यासारखेच हे आहे: वरच्या ओळीत 'सदाशिव पेठ' असले तरी शेवटी 'नागपूर' लिहिले असेल, तर पत्र नागपूरलाच जाणार. 'डॉट गव्ह डॉट इन' आणि 'डॉट एनआयसी डॉट इन' हे शेवट सरकारी यंत्रणांसाठी राखलेले आहेत, 'डॉट कॉम' मात्र कोणीही थोड्या पैशांत विकत घेऊ शकतो, एवढे कळले की मुले भराभर पत्ते सोडवू लागतात. हा सराव फोनवरही करून घ्यावा लागतो, कारण छोट्या पडद्यावर लांब पत्ता पुरता दिसत नाही आणि तो मुद्दाम उघडून पाहण्याची सवय मोठ्यांनाही नसते.

याच तासाला एका मुलाने विचारले, "मॅडम, कुलपाचं चिन्ह असलं म्हणजे साइट खरी ना?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण अनेक वर्षे आपणच मुलांना तसे शिकवत आलो आहोत. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यातला मजकूर वाटेत दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र फुकट मिळते आणि ठकसेनही ते घेतात. या गैरसमजामुळेच क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलूप काढून तिथे दुसरे चिन्ह आणले.

पासवर्डविषयी फार बोलावे लागत नाही: प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांब, आणि शक्य तिथे दुहेरी पडताळणी. वयाची बाब मात्र सविस्तर सांगावी लागते. इन्स्टाग्रामवर खात्यासाठी किमान १३ वर्षांची अट आहे, म्हणून मुले जन्मसाल मागचे टाकतात. त्यातून केवळ नियम मोडतो असे नाही. साल फार मागचे टाकले तर अ‍ॅपच्या लेखी ते मूल प्रौढ ठरते आणि किशोरवयीनांची खाती आपोआप खासगी ठेवण्यासारखी जी संरक्षणे असतात, ती त्याच्या वाट्याला येतच नाहीत. हे कळल्यावर काही मुले आपणहून जन्मसाल दुरुस्त करायला तयार होतात. धाकाने ती झाली नसती.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती फसल्यानंतर गप्प बसणाऱ्या मुलांची. फोटोवरून धमकावणारा माणूस 'घरी सांगशील तर बघ' यावरच जगतो, आणि घरात 'फोन काढून घेईन' हे वाक्य रोज ऐकू येत असेल तर त्याचे काम निम्मे आपणच केलेले असते. म्हणून मुलांना मी स्पष्ट सांगते, की धमकीचे मेसेज पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, पैसे देऊ नका आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक आहे. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आहे. तिथे जितक्या लवकर फोन जाईल, तितकी गेलेली रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता अधिक. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवाही त्यांना माहीत असावी: १८ वर्षांखालील व्यक्तीच्या नग्न वा अर्धनग्न छायाचित्राचा फोनवरच एक सांकेतिक ठसा तयार होतो, छायाचित्र फोनबाहेर जात नाही, आणि सहभागी संकेतस्थळे त्या ठशावरून ते शोधून काढून टाकू शकतात.

हेच सारे आता पालकसभेतही घ्यावे, असा माझा आग्रह आहे. बहुतेक मुले आईवडिलांचाच फोन वापरतात आणि त्याच फोनवर यूपीआय असते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे पालकांनाही सांगावे लागते. यूपीआयच्या अ‍ॅपला वेगळे कुलूप लावणे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (फोनमध्ये नवे अ‍ॅप बसवणारी फाइल) न उघडणे, या दोन गोष्टी मी सभेतच, ज्याच्या त्याच्या हातातल्या फोनवर दाखवणार आहे.