कोलारच्या सोन्याच्या खाणींची जुनी चित्रं: बेळगावहून खरेदीला जाताना

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री बेळगाव सोडलं की सकाळी बंगळूर. तिथे उतरून थेट जुन्या पुस्तकांच्या बाजारात शिरू नका. आम्ही खाणी आधी पाहिल्या, बाजार नंतर, आणि हाच क्रम बरा. जागा नजरेखालून गेली की समोर आलेलं चित्र तिथलंच आहे का, हे निम्मंअधिक तिथेच कळतं.

खाणी कोलार शहरात नाहीत. तिथून साधारण 30 किलोमीटरवर, केजीएफला म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स या गावात आहेत. बंगळूरहून बंगारपेटमार्गे केजीएफमधल्या मारिकुप्पम स्टेशनला रेल्वे जाते. गाड्या मोजक्या, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. शाफ्टवरचे, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विवरांवरचे मनोरे आणि सोनं वेगळं करायच्या सायनाइड प्रक्रियेनंतर उरलेल्या मातीचे डोंगर रस्त्यावरूनही दिसतात. खाणकाम 28 फेब्रुवारी 2001 ला थांबलं. कुंपणाच्या आत परवानगीशिवाय जाऊ नका, ढिगांवर तर नकोच. ती धूळ छातीला वाईट. गावात तमिळ जास्त, पण कन्नडवर काम भागतं.

आता बाजार. बंगळूरला अव्हेन्यू रोडची जुनी पुस्तकं आहेत, आणि नव्या रेखाटनांसाठी जानेवारीतल्या एका रविवारी चित्रकला परिषदेची चित्रसंते, म्हणजे चित्रांचा बाजार भरते. ‘कोलार’ म्हणून भलतीच चित्रं खपवली जातात. ओढ्यात परात घेऊन वाळू धुणारी माणसं किंवा मागे बर्फाचे डोंगर दिसले तर सोडून द्या. इथलं सोनं गारगोटीच्या शिरांत, खडक फोडून काढलेलं. इथली चॅम्पियन रीफ खाण तर 3 किलोमीटरहून खोल. कावेरीवरच्या शिवनसमुद्र जलविद्युत केंद्राची वीज इथे 1902 मध्ये पोहोचली, तेव्हा विजेचे मनोरे असलेलं चित्र 1890 चं असूच शकत नाही. उलट मथळ्यात बंगारपेटऐवजी ‘बाउरिंगपेट’ असेल तर ती चांगली खूण: स्टेशनचं जुनं नाव तेच.

10 पट मोठं दाखवणारं भिंग खिशात हवंच. एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र साप्ताहिकाचं पान असेल तर लाकडी ठशाच्या स्वच्छ, तुटक रेघा दिसतात आणि मागे बहुतेक वेळा मजकूर असतो. रंगीत शिंतोडे विखुरलेले दिसले तर तो आजच्या प्रिंटरचा माल. सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांवरून मात्र घाईने नकली ठरवू नका. 1900 च्या आसपासची मासिकंही तशी छापली जात. रंग भरलेला असेल तर तो पुष्कळदा नंतर भरलेला असतो. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटतात ते खाणीचे नकाशे आणि शाफ्टचे छेद, म्हणजे शाफ्ट उभा कापल्यासारखा दाखवणारी रेखाटनं. कापडावरचे असतील तर पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. त्या कापडाला स्टार्चचा लेप असतो, तो विरघळून कायमचा डाग पडतो. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांचा ब्लूप्रिंट उजेडाने फिका होतो आणि क्षारयुक्त पुठ्ठ्यानेही. त्याला आम्लही नाही, क्षारही नाही असा पुठ्ठा मागा. असा नकाशा कुठून आला ते विचारा; कार्यालयातून उचललेला असेल तर नको.

परतीच्या प्रवासात गुंडाळी करू नका. जुना कागद घडीवर आणि कडांना तडकतो. दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून, प्लास्टिकमध्ये बांधून आणा. बेळगाव-खानापूरच्या पावसात खरा शत्रू ओल, तिच्यामागोमाग बुरशी आणि कसर. म्हणून फ्रेमचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका, काच कागदाला टेकणार नाही एवढा जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घाला, सेलोटेप टाळून पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावायला सांगा. पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर फ्रेम टांगू नका.

पक्कं बिल घ्या, त्यावर काळ आणि वर्णन लिहून घ्या. 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे 100 वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकांना भेट द्यायचीच असेल तर नवीन रेखाटन घ्या.