चिठ्ठीची मागची बाजू

आमच्या उपासनामंदिराच्या दाराशी, अर्पणाच्या पेटीला लागून, पत्र्याचा एक चौकोनी डबा ठेवलेला असतो. मूळचा तो बिस्किटांचा आहे. त्याच्या झाकणाला कोणीतरी छिन्नीने फट पाडली आहे आणि पांढऱ्या ऑइलपेंटने पुढच्या बाजूला ‘प्रार्थना-विनंती’ असे लिहिले आहे. रंगवणाऱ्याचा जागेचा अंदाज चुकल्यामुळे शेवटचा ‘ती’ कोपऱ्यावरून वळून डब्याच्या दुसऱ्या अंगाला गेला आहे. गेली नऊ वर्षे दर रविवारी पहिले गीत सुरू होण्यापूर्वी हा डबा उघडणे, चिठ्ठ्या क्रमाने लावणे आणि पाळकसाहेबांनी मान हलवली की त्या मंडळीपुढे वाचून दाखवणे, हे काम माझ्याकडे आहे. या चिठ्ठ्यांना कागदाचा सोस नसतो. कॅलेंडरचे उलटून गेलेले पान, औषधाच्या दुकानाची पावती, नातवाच्या वहीतला चौकटींचा कागद, कधी एसटीचे तिकीटसुद्धा चालते. चिठ्ठीवर नाव असले तरी मी ते वाचत नाही. ‘एक बंधू’ किंवा ‘एक भगिनी’ एवढेच म्हणतो. अर्थात शंभर-सव्वाशे घरांच्या मंडळीत हा पडदा किती पातळ असतो हे सर्वांनाच ठाऊक आहे. शेवया कोणाच्या घरच्या हे जिथे चवीवरून ओळखतात, तिथे गुडघे कोणाचे दुखतात हे कळायला नाव कशाला लागते?

आमच्या नगर भागातल्या ख्रिस्ती माणसाला विनंत्यांची ही सवय जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे मांडले. त्या काळी अमेरिकेतल्या चर्चांत महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी मिशनांसाठी प्रार्थनासभा भरत असे आणि परदेशांतून आलेली पत्रे तिथे वाचली जात. शिडाच्या जहाजातून जाणाऱ्या पत्राला तिकडे पोहोचायला काही महिने लागत. म्हणजे इकडच्या एखाद्या तापाने फणफणलेल्या लेकरासाठी तिकडची मंडळी गुडघे टेकत, तोवर ते लेकरू एकतर अंगणात खेळत असे किंवा मातीआड गेलेले असे. तरीही लोक लिहीत राहिले आणि तिकडचे लोक प्रार्थना करीत राहिले. हल्ली शस्त्रक्रियेसाठी आत नेलेल्या माणसाला भूल चढण्यापूर्वीच त्याच्या मोबाइलवर जोडलेल्या हातांची चाळीस चित्रे येऊन पडतात. माझा विरोध नाही, पण हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत जे कळते ते त्या चित्रांत कळत नाही.

नऊ वर्षांच्या या वाचनातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लग्न होण्यासाठी विनंत्या पुष्कळ येतात. मुलीला योग्य स्थळ मिळावे, मुलाला नोकरी लागून मग स्थळ मिळावे, ठरलेले लग्न निर्विघ्न पार पडावे, हॉल मिळावा. उपासनेत लग्नाची घोषणा झाली, वेदीपुढे सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात, मरण येईपर्यंत सोबत राहण्याची शपथ झाली, जेवणाच्या पंगती उठल्या, की त्यानंतर लग्न हा विषय डब्यातून नाहीसा होतो. ‘आमचे लग्न टिकावे’ अशी चिठ्ठी मी आजवर वाचलेली नाही. लग्न डब्यात येते ते आडवाटेने.

आमच्या मंडळीत बावन्न वर्षांचा संसार झालेले एक जोडपे आहे. दोघेही चिठ्ठ्या टाकतात, पण वेगवेगळ्या, आणि माझ्या माहितीप्रमाणे एकमेकांना न सांगता. आजोबांचे अक्षर जुन्या शाळामास्तरांचे, उजवीकडे झुकलेले. त्यांची विनंती वर्षानुवर्षे ‘पत्नीच्या गुडघ्यांस आराम पडावा’ ही एकच. आजींची विनंती असे ‘यजमानांना ऐकू यावे’. पुढे मुलाने कानाचे यंत्र आणून दिले, तेव्हा आजींची चिठ्ठी बदलली आणि ‘यजमानांनी यंत्र कानात घालण्याची बुद्धी धरावी’ अशी झाली. ती मी वाचली, मंडळीने आमेन म्हटले, आणि दोन रविवारांनी आजोबांच्या झुकत्या अक्षरात चिठ्ठी आली: ‘यंत्र घातले आहे. आता सर्व काही ऐकू येते. सहनशीलता मिळावी.’ त्या दिवशी पाळकसाहेबांना प्रार्थना सुरू करायला अंमळ वेळ लागला. वेदीपुढे उच्चारलेल्या शपथेतला ‘आजारात’ हा शब्द उच्चारताना पंचविशीतल्या वधूवरांच्या डोळ्यांपुढे एखादे भव्य, करुण आजारपण असते. गुडघे आणि कान त्यात कोणी धरत नाही. पण बावन्न वर्षांतला बराचसा भाग गुडघे आणि कान यांनीच व्यापलेला असतो आणि तिथे दुसऱ्यासाठी मागणे सुचणे, तेही त्याच्यावर चिडलेले असताना, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

लग्न टिकण्याचा विषय निघाला की आमच्याकडे टिळक दांपत्याचा दाखला हटकून निघतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई आपल्या माणसांत, हिंदू राहून, मुलासह दूर राहिल्या. या दाखल्यात कायद्याची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १८६६ सालच्या कायद्याने अशा धर्मांतरितांना वाट करून दिलेली होती: जोडीदाराने धर्मांतराच्या कारणावरून सलग सहा महिने सहवास सोडला असेल, तर न्यायालयात जाता येत होते, न्यायालय जोडीदाराला विचार करायला आणखी वर्षभराची मुदत देई आणि तरीही नकार कायम राहिला तर विवाह मोडून दुसरा करायची मोकळीक मिळे. टिळकांनी ती वाट धरली नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघे एकत्र आले आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. आमच्याकडचे वक्ते ही गोष्ट पत्नीच्या शरणागतीसारखी सांगतात. मला ती दोन हट्टी माणसांनी एकमेकांना वेळ दिल्याची वाटते.

मात्र टिकण्याचे कौतुक करताना माझी जीभ अडखळते, आणि त्याला याच डब्यातली एक चिठ्ठी कारण आहे. एका भगिनीची चिठ्ठी तीन वर्षे, महिन्यातून एकदा तरी, येत असे. मजकूर दोनच शब्दांचा, ‘घरात शांती’. मी ती स्वच्छ आवाजात वाचत असे, मंडळी मनापासून प्रार्थना करीत असे आणि आम्ही सगळे घरी जात असू. शांती कोण मोडते, हे मी विचारले नाही. महिला मंडळानेही विचारले नाही. एका रविवारी ती फ्रॅक्चर झालेला हात गळ्यात अडकवून आली तेव्हा ते आम्हाला कळले. तोपर्यंत ज्यांना ती बोलली होती त्यांनी तिला सोसण्याचा आणि देवाने जोडलेले न तोडण्याचा सल्ला दिलेला होता. कायदाही फार दिवस त्याच सुरात बोलत असे. १८६९ च्या घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरत असे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काही दाखवावे लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही विषमता घटनेत बसत नाही असे ठरवले आणि २००१ च्या दुरुस्तीने दोघांना समान कारणे व परस्परसंमतीची वाट मिळाली. ती भगिनी आता माहेरी राहते आणि तिची चिठ्ठी येत नाही. ‘घरात शांती’ असे कोणीही लिहिले की उपासना संपल्यावर मी आणि पाळकीणबाई त्या माणसाला गाठून चहाला बोलावतो. एवढा बदल आम्ही केला. तो तीन वर्षे उशिरा केला.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी डब्यात किराणा सामानाच्या यादीवर लिहिलेली चिठ्ठी निघाली. ‘एका बंधूंची साखर वाढली आहे. त्यांनी पथ्य पाळावे.’ अक्षर मी तेवीस वर्षे दुधाच्या हिशेबात पाहत आलेलो आहे. मी कागद उलटा केला. यादी माझ्या हातची होती: तूरडाळ एक किलो, पोहे अर्धा किलो, आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरात, घरी न सांगता वाढवलेले पेढे पाव किलो.

मी चिठ्ठी क्रमात शेवटी ठेवली, वेळ संपेल अशी आशा धरली, पण पाळकसाहेबांना त्या दिवशी कसलीही घाई नव्हती. मी ती वाचली. बायकांच्या बाजूने, तिसऱ्या बाकावरून, आमेन जरा जोरातच आले.