आमांचे दार

अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या एका जुन्या अपार्टमेंट संकुलाच्या नूतनीकरणाचे काम आम्हा वास्तुरचनाकारांकडे आले, तेव्हा तिथल्या भाडेकरूंत भूतानी निर्वासितांची संख्या मोठी होती. १९९०नंतर दक्षिण भूतानमधून बाहेर पडावे लागलेल्या या नेपाळीभाषक कुटुंबांनी पूर्व नेपाळमधील झापा आणि मोरङच्या छावण्यांत सुमारे दोन दशके काढली होती. पुढे त्यांतील एक लाखाहून अधिक लोकांचे परदेशांत, मुख्यतः अमेरिकेत, पुनर्वसन झाले.

पाहणीच्या दिवशी व्यवस्थापकाने तक्रारी सांगितल्या: दारे उघडी राहतात, वाटेत चपला असतात, धुराचा अलार्म सारखा वाजतो. नियमांनुसार त्याचे म्हणणे रास्तच होते, कारण बंदिस्त मार्गिकेवरची दारे आग रोखणारी आणि आपोआप मिटणारी असावी लागतात आणि सुटकेची वाट अडवून चालत नाही.

दुसऱ्या मजल्यावर एका दाराला तांदळाचे पोते लावलेले होते आणि उंबऱ्याशी चटईवर सत्तरीच्या आमा (नेपाळीत आई) बसल्या होत्या. मुलगा आणि सून गोदामात पाळीवर गेलेले. मोडक्या हिंदीत आमचे बोलणे जमले. त्या मला ‘नानी’ म्हणत. नेपाळीत लहान मुलीला तसे म्हणतात हे माहीत असूनही मला हसू आले. त्या म्हणाल्या, “नानी, हे दार मिटलं की शेजारीण आहे की गेली, काही कळत नाही. छावणीत बांबूच्या भिंतीपलीकडे कोणी खोकलं तरी कळायचं.”

अलार्मचे कारण स्वयंपाकघरात सापडले. शेगडीवरचा पंखा धूर बाहेर न टाकता गाळून खोलीतच परत सोडत होता, त्यामुळे मेथी आणि सुक्या मिरच्यांची फोडणी पडली की अलार्म ठरलेलाच. माझ्या घरीही मी अलार्मखाली टॉवेल हलवत उभी राहते. नकाशा काढताना मात्र हे सुचले नव्हते.

माझ्या नकाशातल्या तळमजल्यावरच्या प्रशस्त सभागृहाचा मला अभिमान होता. ते मी एक तृतीयांशाने लहान केले आणि वाचलेला खर्च दारांकडे वळवला. चाळीची गॅलरी उघडी असते, इथल्या थंडीत तसे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक दार थोडे आत घेऊन मार्गिकेच्या रुंदीबाहेर बाक आणि चपलांची फळी बसेल एवढा कोनाडा काढला. ती जागा बाहेरच्या खोलीतून जाणार होती, म्हणून घरोघरी विचारले; दोन कुटुंबांनी नकार दिला आणि त्यांची दारे होती तशीच ठेवली. धूर बाहेर नेणारे पंखे मालकाने मान्य केले. दार उघडे धरून अलार्म वाजताच सोडणारे चुंबक मात्र त्याला महाग वाटले.

काम संपल्यावर गेले, तेव्हा आमा बाकावर शेजारणीसोबत मटार सोलत होत्या. दाराला पोते तसेच होते. मी ते बाजूला केले आणि चुंबकांचे अंदाजपत्रक पुन्हा पाठवले.