तीन बोटं माया

डब्याचं झाकण निघेना, तेव्हा लेकीने डबा पोटाशी घट्ट धरला, दोन्ही अंगठे लावले आणि जोर केला. झाकण ठण्णकन फरशीवर पडलं आणि गरगरत कपाटाखाली गेलं. आत डोकावून तिने लांब सुस्कारा सोडला.

"बाबा, यात पण दोरेच!"

त्या 'यात पण'मध्ये बराच इतिहास आहे. बिस्किटांच्या गोल निळ्या डब्यात बिस्किटं असण्याचा काळ फार तर पहिला आठवडा. पुढची तीस वर्षं त्यात दोरे. लेकीला हे ठाऊक आहे, तरी दर वेळी ती उघडून बघतेच. आज तर तिची मागणी साधी होती. ओव्हनमध्ये बिस्किटं होती, ती गार झाली की ठेवायला एक रिकामा डबा हवा होता. घरात असे तीन डबे आहेत आणि तिन्ही भरलेले.

मला मात्र तो डबा मिळाला हे बरंच झालं. थंडी पडायला लागली म्हणून दुपारी माळ्यावरून गरम कपडे काढले होते. घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास. गेल्या वर्षीची लोकरी पॅन्ट लेकीने चढवली तर घोट्याच्या वर तीन बोटं. मागच्या थंडीत हीच पॅन्ट जमिनीवर लोळत होती, मी स्वतः ती खालून दुमडून दिली होती. वर्षभर आपल्या डोळ्यांसमोर असलेलं पोर वाढताना दिसत नाही. कपडे माळ्यावरून उतरले की मग एकदम कळतं.

तर मला सुई हवी होती. आणि सुई शोधायला डब्यात हात घातला की अर्धी दुपार गेलीच म्हणून समजावं.

एकमेकांत गुंतलेल्या सहा बॉबिनी. नखाएवढा उरलेला निळा खडू. आईचं अंगुस्तान, जे आता माझ्या करंगळीतही जात नाही. टिचबटणांची एक पट्टी, पण सगळी एकाच बाजूची. त्यांच्या जोडीदारीण कुठल्या कपड्याबरोबर गेल्या, देव जाणे. एक भलंमोठं तपकिरी बटण, ओव्हरकोटाचं असावं. आमच्या घरात ओव्हरकोट कधीच कुणाला नव्हता. हे बटण मी लहानपणापासून बघतोय, आणि कपडा नसलेलं बटण टाकायचं नाही असा माझा एक विनाकारण नियम आहे. वापरायचंही नाही. शर्टाचं बटण तुटलं की मी दुकानातून नवीन आणतो. डब्यातली बटणं डब्यासाठी.

आणि तळाशी सेफ्टी पिना. सगळ्या मिटलेल्या. उघडी पिन डब्यात टाकली की आईचा आवाज चढायचा, कारण सुई शोधणारं पहिलं बोट तिचंच असायचं.

या पिनेवरून बाबा एक गोष्ट सांगायचे. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने १८४९ मध्ये सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि उधारी फेडायची होती म्हणून सगळे हक्क चारशे डॉलरला विकून टाकले. त्याच्याही पंधराएक वर्षं आधी त्याने शिवणयंत्र बनवलं होतं, तेही पेटंट न घेताच सोडून दिलं. पुढे १८४६ मध्ये एलियास हाऊने स्वतःच्या यंत्राचं पेटंट घेतलं. बाबांना त्यातली सुई फार आवडायची. हातसुईचं नेढं मागे, मशीनच्या सुईचं पुढे, टोकापाशी. "एवढीच गंमत आहे," ते म्हणायचे, "भोक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेलं आणि सगळं बदललं." आई तोवर त्याच पुढच्या नेढ्यात दोरा ओवत असायची. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करत, एक डोळा मिटून. ती म्हणायची, "दिवा जरा इकडे करा. गोष्ट नंतर."

आमच्या घरी शिवण आईचं आणि भट्टी बाबांची. भट्टी म्हणजे टेबलावर मावणारा छोटा ओव्हन. त्याचं दार नीट बंद होत नसे, म्हणून हँडलला कापडी पट्टी बांधलेली. ती पट्टी अर्थातच आईने शिवलेली. बाबा केक करायला बसले की प्रयोगशाळाच. मैदा ग्रॅममध्ये, लोणी ग्रॅममध्ये, अंडीसुद्धा फोडून वजन करून. चमच्याने माप घेणाऱ्यांची त्यांना कीव यायची. मैदा दाबून भरला की एक माप आणि चाळून भरला की दुसरं, मग त्याला माप कसं म्हणायचं, असा त्यांचा रोखठोक सवाल. आईचं उलट. तिच्या गळ्यात टेप असायचा, पण माप घ्यायची ती बोटांनी. खांदा, दंड, कंबर, सगळं वितीत आणि बोटांत, आणि वर "थोडी माया धरू" म्हणून मोकळी.

शिवणीत आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात हे मला फार लवकर कळलं, आणि दुसऱ्या मायेबद्दल जरा उशिरा. त्यामुळे कुणी 'आईची माया' म्हणालं की माझ्या डोळ्यांसमोर बरेच दिवस फ्रॉकची आतली बाजू यायची. यावर कोटी करायचा मोह कुणालाही होईल. मी आवरतो.

आई मायेच्या बाबतीत हात सैल सोडायची. दुकानातल्या कपड्याला आत पाव इंच, आईच्या कपड्याला निदान इंचभर, आणि पायाशी तर तीन बोटं आत मुडपलेली. सगळं वाढत्या अंगाचं. ताईचा एक फ्रॉक तीन वर्षं चालला. दर वर्षी खालची मुडप उसवायची आणि आतून न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा बाहेर यायचा, झाडाच्या खोडावर असतात तसा. तीन पट्टे म्हणजे तीन वर्षं. ताईला त्या पट्ट्यांची लाज वाटायची, आईने त्यावर लेस लावून दिली. नंतर वर्गातल्या दोघी-तिघींनी तशीच लेस लावून घेतली म्हणे. हे ताई सांगते. मला खरं वाटत नाही, पण ती माझ्यापेक्षा मोठी आहे.

शिवाय आईचं शिवणं कधी ऋतूला धरून व्हायचं नाही. पावसाळ्यासाठी बेतलेलं काम थंडीत पुरं होई आणि थंडीतलं उन्हाळ्यात. माझं लोकरी जाकीट हाती आलं तेव्हा पंखे सुरू झाले होते. मी ते एकदा घालून घाम पुसत आरशात बघितलं आणि ते माळ्यावर गेलं. पुढच्या थंडीत अगदी मापात बसलं. आईने "बघ" एवढंच म्हटलं.

मुळात सांगायची होती ती केकची गोष्ट.

दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. शाळा नाही, वाळत घातलेले कपडे घरभर, आणि बाबांनी सुट्टीच्या मुहूर्तावर नवी कृती काढली. सगळं तोलून मापून झालं. लोणी-साखर फेटून फेटून पांढरं झालं, बेकिंग पावडर दोनदा चाळली. चाळता चाळता आम्हाला इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्डची गोष्ट ऐकवली गेली. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून त्या औषधविक्याने १८४३ मध्ये बेकिंग पावडर बनवली. त्याआधी तिला अंडीही सोसत नव्हती म्हणून बिनअंड्याचं कस्टर्ड. आईने मशीनवरून मान न उचलता म्हटलं, "बघा. माणसं बायकोसाठी काय काय करतात." बाबांनी चाळणी जरा जोरात आपटली.

मिश्रण भांड्यात ओतलं ते अगदी काठोकाठ. मला ते फार देखणं वाटलं होतं, आरशासारखं सपाट. आई पाणी प्यायला उठली, जाता जाता भांड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, वर माया नाही ठेवली?"

"केकला कसली माया?"

"फुगणार नाही का तो?"

"वजनं तंतोतंत आहेत."

आई पाणी पिऊन पुन्हा मशीनवर जाऊन बसली. आम्ही दोघं ओव्हनच्या काचेला नाक लावून. पंधरा मिनिटं सगळं शिस्तीत. मग मधोमध एक टेकाड आलं. मग ते टेकाड काठावर रेललं, आणि एक जाड, पिवळी धार अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखी, भांड्याच्या बाहेरून खाली निघाली. तळाच्या कॉइलला टेकली आणि चर्र झालं. धूर. ताईने दार उघडलं, बाबा ओरडले "उघडू नको, बसेल!", आणि तो बसलाच. मध्ये खळगा, कडेला झालर, ओव्हनच्या तळाशी कोळसा. बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे खिडक्याही उघडता येईनात. घरभर वाळत घातलेल्या कपड्यांना आठवडाभर जळक्या व्हॅनिलाचा वास होता. शाळेत माझ्या शेजारच्याने विचारलं, आज डब्यात काय आहे?

संध्याकाळी बाबा कागद-पेन्सिल घेऊन बसले. कृती आठ इंची भांड्याची, आमचं भांडं सहा इंची. उंची तीच धरली तर हिशेब चौसष्टास छत्तीस, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट मिश्रण ओतलेलं. ग्रॅमचा घोळ नव्हताच, घोळ भांड्याचा. त्यांनी तो कागद आईला नेऊन दाखवला. आई म्हणाली, "मी हेच तर म्हणत होते." त्यानंतर कृतींच्या वहीत प्रत्येक केकखाली त्यांच्या ठाशीव अक्षरात एक ओळ असायची: भांडं दोन तृतीयांश भरणे. आणि पुढे कंसात, माया.

बसलेला केक आम्ही दोन दिवस चमच्याने खाल्ला. त्या खळग्याभोवतीचा चिकट भाग सगळ्यांत चांगला होता. असा केक पुन्हा कधी जमला नाही.

डब्यावरून भांडण तेव्हाही होतंच. पावसाळ्यात बिस्किटं हवेतला ओलावा ओढून मऊ पडतात, म्हणून बाबांना घट्ट झाकणाचा डबा लागायचा, आणि डबा रिकामा झाला रे झाला की आईची रिळं त्यात मुक्कामाला. बाबांनी बाजू मांडताना थेट ब्रिटनमधल्या कज्जाचा दाखला दिला होता. जाफा केक हा केक की बिस्किट, हा करासंबंधीचा वाद तिथे १९९१ मध्ये न्यायाधिकरणापुढे गेला, आणि तो शिळा झाला की कडक होतो, बिस्किटासारखा मऊ पडत नाही, हेही तिथे विचारात घेतलं गेलं. शेवटी तो केक ठरला. "म्हणजे बघ," बाबा म्हणाले, "शिळं बिस्किट मऊच पडणार, हे तिथेसुद्धा मान्य आहे. मला डबा हवा."

आई म्हणाली, "शिळं होईपर्यंत ठेवता कशाला?"

डबा आईकडेच राहिला. तोच हा. झाकणाला एका बाजूने पोचा आहे, तिथूनच ते अडतं.

तर पॅन्ट. मी ती उलटी करून पायाची मुडप बघितली. ओव्हरलॉक मारलेली जेमतेम अर्धं बोट पट्टी. कडेच्या शिवणीतही काही नाही. मागच्या वर्षी मी आत घेतलेली दुमड कधीच सोडून झाली होती.

"यात माया नाही," मी म्हटलं.

"म्हणजे काय नाही?"

तिला दाखवलं. तिने शिवणीत बोट घालून बघितलं, मग स्वतःच्या घोट्यांकडे बघितलं, आणि मोजे वर ओढले. मोजे लांब असले की दिसत नाही, हा तोडगा तिचा तिनेच काढला आणि ती ओव्हनपाशी जाऊन बसली. बिस्किटं शेवटी स्टीलच्या पातेल्यात गेली, वर ताटली. उद्यापर्यंत मऊ पडतील. उद्यापर्यंत उरणार आहेत असं नाही.

माळ्यावरून काढलेल्या कपड्यांच्या गाठोड्यात बाबांची एक राखाडी पॅन्टही निघाली. शेवटच्या थंडीतली. तोवर ते फार वाळले होते, पट्टा शेवटच्या भोकावर लावूनही पॅन्ट राहायची नाही. आईने कंबर, मागची शिवण, दोन्ही कडा, सगळीकडून आत घेऊन दिली होती. तेव्हा मी म्हटलं होतं, आत एवढं कापड राहिलंय, बसताना टोचेल त्यांना, कापून टाक ना. आई म्हणाली, राहू दे. अंग भरलं की उसवायला लागेल.

आज ती उलटी करून बघितली. दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं कापड तसंच आहे. आणि एरवी बारीक, घट्ट टीप मारणाऱ्या आईने तिथे मशीन लावलेलंच नाही. हाताने धावदोरा घातलाय, मोठ्या मोठ्या टाक्यांचा. एक टोक ओढलं की सगळा निघेल असा.