शिवणीत गेलेले शब्द

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि शाळेविषयी लिहायला बसलो, तर डोळ्यांसमोर चित्रकलेचे सरच येऊन उभे राहिले. बाकीच्या गुरुजनांनी मला माफ करावं.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाला १९९८ साली पन्नास वर्षं झाली, तेव्हा मी नववीत होतो. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला हस्तलिखित प्रकाशित करायचं ठरलं आणि सरांनी मांडणी माझ्याकडं सोपवली. मी पानापानाला वेलबुट्टी काढली, शीर्षकं चार तऱ्हांच्या अक्षरांत रंगवली, मजकूर अगदी कडेपर्यंत भरला. "लई दाटी करायलास रे," सर म्हणाले होते. मी ते मनावर घेतलं नाही. दाभणानं टोचून अंक शिवून टाकला.

प्रकाशनाला गावातले एक वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिक आले होते. त्यांच्याच आठवणी मी सहा पानांवर उतरवल्या होत्या. चष्मा लावून ते मोठ्यानं वाचू लागले आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले. डाव्या पानांवरच्या ओळींचे शेवटचे शब्द शिवणीत गेले होते! दोन्ही हातांनी अंक ताणून, मान तिरपी करून ते आपलीच आठवण शोधत होते. "रझाकार आले म्हणून आम्ही..." इथं थांबले. मग अंक मिटला आणि पुढचं तोंडीच सांगितलं. मला मान वर करवेना.

सर रागावले नाहीत. शाळा सुटल्यावर त्यांनी ब्लेडनं दोरा कापला, पानं सुटी केली आणि वर्तमानपत्राचा कागद दुमडून डमी, म्हणजे अंकाचा कोरा नमुना, करायला बसवलं. "धर हातात. अंगठा कुठं येतो? तेवढी जागा वाचणाऱ्याची. शिवणीकडं त्याच्या दुप्पट सोड." ओळींमधलंही अंतर वाढवायला लावलं, कारण माझे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकत होते. वेलबुट्टी गेली. दोन रात्री जागून ती सहा पानं नव्यानं लिहिली. रविवारी सर मला सायकलवर डबलसीट घेऊन त्या आजोबांच्या घरी गेले. आजोबांनी ओसरीवर बसून सगळं न थांबता वाचलं.

आज छत्रपती संभाजीनगरात मी अंकांची पानं लावतो. पानं लावायचं सॉफ्टवेअर बदललं, पेजमेकर गेलं, इनडिझाइन आलं; दिवाळी अंक, स्मरणिका, कितीतरी झाल्या. प्रिंट काढली की आधी समासावर अंगठा ठेवून बघतो. शाळेचं हस्तलिखित बंद झालं, याचं मात्र फार वाईट वाटतं. तयार साच्यात मजकूर ओतून पीडीएफ होते, पण मुलांच्या हातात दाभण येत नाही, दुमडलेला कागद येत नाही. ते पुन्हा सुरू करा, मी दर वर्षी आठ दिवस येऊन बसेन.

आणि एक विनंती. तो अंक ग्रंथालयाच्या कपाटात असेल, तर महोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवा. ओळखायला सोपा आहे. मधल्या सहा पानांची शाई जास्त निळी आहे, दौत सरांची होती.